‘वेअरी’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? सावध, बुजरा की संशयी?

पानावरची_रेघ

नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी अडकलेय, जरा हात द्या. जुन्नर-आंबेगाव भागातल्या शाळांमध्ये वाटायला बिबट्यावर एक छोटी पत्रिका करायची आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि तो मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाकी सगळं झालं, ऊस, तोडणी, सरीत सापडणारे बछडे, रात्री मोटार चालू करायला रानात जाणं, हे तर आपलंच आहे त्याला काय शब्द शोधायचेत, पण दोन वाक्यं काही केल्या बसत नाहीयेत. एकात लिहिलंय की बिबट्या माणसांच्या बाबतीत ‘वेअरी’ असतो. आणि थोडं खाली, गावकरी बाहेरून येणाऱ्या संस्थांबद्दल ‘वेअरी’ आहेत. म्हणजे बिबट्यालाही तोच शब्द आणि गावकऱ्यांनाही तोच!

डिक्शनरीत सावध, दक्ष, खबरदार, काळजी घेणारा असं सगळं दिलंय. पण ‘बिबट्या माणसांबाबत दक्ष असतो’ म्हटलं की पोलीस चौकीवरचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं, आणि ‘बिबट्या माणसांची काळजी घेतो’ लिहिलं तर पोरं हसून हसून मरतील. मैत्रीण म्हणते सरळ ‘बुजरा’ लिही. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता येत नाहीये. आणि हो, वेअरी आणि कॉशस यात फरक आहे की नुसतेच जुळे भाऊ?

टपरीवरचा_चहा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या की मूळ मजकुरात ‘वेअरी’च आहे ना, ‘वीअरी’ नाही ना. स्पेलिंगमध्ये एका ‘ई’चा फरक. ‘वेअरी’चा उच्चार ‘हेअरी’, ‘डेअरी’सारखा आणि अर्थ सावध वगैरे, ‘वीअरी’ म्हणजे दमलेला, कंटाळलेला, विटलेला. आणि गंमत म्हणजे दोन्हीच्या पुढे ‘ऑफ’च येतो त्यामुळे चुकीचा शब्द पडला तरी वाक्य व्याकरणात एकदम फिट बसतं आणि स्पेलचेक गप्प. आमच्या ऑफिसात असली मेल फिरतच असतात, लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की क्लायंट आपल्या प्रपोजलबद्दल जरा साशंक आहे आणि मेलमध्ये जातं की क्लायंट आपल्या प्रपोजलला कंटाळलाय. आता खरं तर क्लायंट कंटाळलेलाही असतो हा भाग वेगळा 😄

रात्रपाळी

वर्षानुवर्षं न्यूज डेस्कवर इंग्रजी कॉपी मराठीत करतोय त्यामुळे या शब्दाशी रोजची गाठ. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण यायचं असलं की आदल्या दिवशी एजन्सीची कॉपी ठरलेली, इन्व्हेस्टर्स वेअरी. आणि आमचं हेडिंगही ठरलेलं, ‘गुंतवणूकदारांचा सावध पवित्रा’. हसू नका, घासून गुळगुळीत झालेलं हेडिंग आहे मान्य, पण शब्द म्हणून फार अचूक आहे. पवित्रा म्हणजे आखाड्यातला. समोर कोणीतरी उभा आहे, तो काय करणार माहीत नाही, म्हणून पैलवान पाय रोवून, हात पुढे करून, नजर त्याच्यावर ठेवून उभा आहे. अजून कुस्ती लागलेली नाही. वेअरीमध्ये हे ‘समोर कोणीतरी आहे’ फार महत्त्वाचं. कॉशसला समोर कोणी लागत नाही. काचेचं सामान उचलणारा माणूस कॉशस असतो, काचेवर त्याचा काही संशय नसतो. गाडी बेताने, सिग्नल पाळून चालवणारा तो कॉशस ड्रायव्हर. पण पुढचा टँकर मघापासून लेन सोडून वाकडातिकडा जातोय म्हणून त्याच्या मागे अंतर ठेवून, ओव्हरटेक न करता बसलाय, तो त्या टँकरबद्दल वेअरी आहे.

म्हणून इंग्रजीत वेअरीच्या मागे बहुतेक वेळा ‘कोणाबद्दल’ लागतंच, आणि ते नाही लागलं तरी वाचणारा मनातल्या मनात लावतो. डेस्कवर नवीन आलेल्यांना मी एकच सांगतो, आधी ते ‘कोणाबद्दल’ शोधा आणि मग मराठी वाक्य करा. राजकारणातली बातमी असेल तर ‘सावध प्रतिक्रिया’ हा कॉशसला ठीक आहे (नेता शब्द जपून वापरतोय), पण मित्रपक्ष एकमेकांबद्दल वेअरी असतील तर ‘एकमेकांना पाण्यात बघतात’ नाही व्हायचं, ते फार झालं, तिथे ‘एकमेकांना चाचपडून बघतायत’ किंवा ‘एकमेकांना जोखतायत’ असं काहीतरी करावं लागतं.

तुमच्या बिबट्याला मात्र ‘सावध पवित्रा’ देऊ नका प्लीज, तो शेअर बाजारात उतरल्यासारखा वाटेल.

ओतूरकडचा

ताई मी त्याच भागातला आहे म्हणून लिहितोय. ‘बुजरा’ लिहू नका. बुजणं आमच्याकडे बैलाचं. लग्नाच्या वरातीत बँड वाजला, फटाका फुटला, एसटीने एकदम हॉर्न दिला की बैल बुजतो, म्हणजे त्याचं डोकंच चालत नाही, मग गाडीसकट कुठं पण घुसतो, कॅनॉलमधी पण. लहान पोरगं पाहुणे आले की आईच्या मागं लपतं ते पण बुजरं. बिबट्या तसा नाय. आम्ही त्याला वाघच म्हणतो. रात्री मोटारसायकलवरून येताना लाईटच्या उजेडात आला ना समोर तर पळत सुटत नाय लगेच, बांधावर थांबतो, मान वळवून बघतो, आपण गाडी थांबवली की नाही, उतरतोय की नाही, सगळं बघून घेतो आन मग आरामात उसात शिरतो. शिरला की संपलं, पान पण हालत नाय. याला काय बुजरा म्हणायचं? त्याला माणसाची सगळी माहिती असती, कोण किती वाजता रानात येतो, कुत्रं कुठं बांधलंय.

आम्ही म्हणतो ‘माणसाला बिचकून असतो’. बिचकला म्हणजे एकदा दचकला, पण ‘बिचकून असतो’ म्हणजे कायमच तसा, भरवसा नाही धरत माणसाचा. म्हणून तर वनखातं सांगतं की अंधारात रानात जायचं झालं तर एकटं जाऊ नका, बॅटरी घ्या, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा, बोलत चला. आवाज आला की तो आधीच वाट सोडतो. आन वाकून बसायचं नाय, खुरपायला किंवा परसाकडं बसलेला माणूस त्याला माणूस दिसतच नाय, छोटं जनावर दिसतं, तिथं मग तो बिचकत नाय. हे पत्रिकेत नक्की लिहा, शब्द कुठला का असेना.

दुसऱ्या वाक्याचं सांगतो. संस्थावाल्यांबद्दल गावकरी वेअरी हायत का ते दुसरं, वीअरी? कारण माणसं येतात, फॉर्म भरून घेतात, गोठ्याचे फोटो काढतात, परत कुणी तोंड दाखवत नाय. आमच्याकडं दोन्ही हाय असं लिहून टाका.

पानावरची_रेघ

@ओतूरकडचा दादा, वाकून बसण्याचा मुद्दा आहे पत्रिकेत, चित्रासकट. ‘बिचकून असतो’ आवडलं, बघते बसतंय का. दुसऱ्या वाक्यावर आमच्या टीममध्ये आता वेगळीच चर्चा सुरू होणार 🙈

झाडावरून

मी पक्षी बघणारा माणूस, जंगलवाले लोक हा शब्द खूप वापरतात म्हणून लिहितो. बुजरा आणि वेअरी यातला फरक बघायचा असेल तर कुठे जायला नको, गॅलरीच्या कठड्यावर पोळीचा तुकडा ठेवा आणि आत येऊन कावळा बघा. तो घाबरट अजिबात नाही, हातभर अंतरावर येऊन बसेल. पण तुकड्याकडे सरळ येणार नाही, तिरका, एका बाजूने उड्या मारत येईल, एक डोळा पोळीवर आणि एक तुमच्यावर, तुम्ही नुसता चष्मा वर केलात तरी मागे सरकेल, परत येईल, चोचीत तुकडा पकडेल आणि खाणार मात्र समोरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन. लाजाळू नाही, भित्रा नाही, पण तुमच्यावर काडीचा भरवसा नाही. याला वेअरी म्हणतात.

अभ्यासक तर हे चक्क मोजतात. माणूस सरळ चालत जवळ गेला की प्राणी किती अंतरावर असताना पळतो किंवा उडतो ते अंतर घ्यायचं, ‘फ्लाइट इनिशिएशन डिस्टन्स’ म्हणतात त्याला. शहरातल्या पक्ष्यांचं हे अंतर खेड्यातल्या त्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा साधारणपणे कमी भरतं, आपल्याकडचं कबुतर तर जवळजवळ पायाखाली येतं. जिथे माणूस कधी नव्हताच तिथे तर हे अंतर शून्याच्या आसपास. डार्विन 1835 मध्ये गालापागोस बेटांवर गेला तेव्हा त्याने फांदीवर बसलेल्या एका ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याला बंदुकीच्या नळीने ढकलून खाली उतरवलं होतं, पक्षी आपला बसूनच. म्हणजे हा स्वभाव कायमचा शिक्का नसतो, समोर कोण आहे आणि त्याचा आजवरचा अनुभव काय यावर ठरतो. ‘बुजरा’मध्ये हे येत नाही कारण बुजरा तो सगळ्यांशीच बुजरा.

काळा_कोट

विषय निघालाच आहे तर कॉशसबद्दल माझे दोन पैसे. कॉशन आणि कोर्टातलं कॅव्हेट ही एकाच घरातली मंडळी. लॅटिनमध्ये ‘कावेरे’ म्हणजे जपणं, सावध राहणं, त्यातून ‘काव्हेआट’, त्याने सावध असावं. आपल्याकडे भावकीत जमिनीचा वाद पेटला की गावातलं शेंबडं पोरगंही सांगतं, कॅव्हेट टाकून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148-अ, 1976 च्या दुरुस्तीने आलेलं. समोरचा माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन येईल असं वाटतंय, तर मला ऐकून घेतल्याशिवाय त्यावर ऑर्डर करू नका, असं आधीच कोर्टाला सांगून ठेवायचं. नव्वद दिवस चालतं, नंतर पुन्हा टाकायचं. कॉलेजात भरलेलं ‘कॉशन मनी’ पण त्याच घरातलं, तुम्ही लॅबमधली काचेची नळी फोडाल म्हणून आधीच घेऊन ठेवलेले पैसे (ते परत मिळवायला किती चपला झिजतात त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी).

पण बघा, कॅव्हेट टाकणारा माणूस @रात्रपाळी म्हणतात तसा वेअरी असतो, चुलतभावाबद्दल! आणि केलेली कृती कॉशनची. म्हणजे एक मनातलं, एक हातातलं. माझ्या मते तरी फरक इतकाच.

रात्रपाळी

@काळा_कोट वा! हे डेस्कवर सांगणार उद्या.

लीड्सहून

इथे राहून एक गोष्ट लक्षात आली ती डिक्शनरीत सापडायची नाही. ब्रिटिश माणूस मीटिंगमध्ये हळू आवाजात म्हणाला की ‘आय’ड बी अ बिट वेअरी ऑफ दॅट’ तर त्याचा अर्थ ‘मला जरा शंका वाटते’ असा घेऊ नका, त्याचा अर्थ हे करू नका बाबांनो, मरणार आहात. आपण आपलं ‘ओके, पॉइंट नोटेड’ म्हणून पुढे जातो आणि मग तीन महिन्यांनी तो शांतपणे आठवण करून देतो. आपल्याकडे ऑफिसातला जुना हेडक्लार्क ‘बघा बुवा, तुम्ही म्हणताय तर करू’ म्हणायचा ना, सेम टू सेम.

अमेरिकेतल्या भावाकडे गेलं की तिथे ‘लीअरी’ जास्त कानावर पडतो. अर्थ जवळचाच पण त्यात संशयाचा वास जास्त. ‘लीअर’ म्हणजे तिरक्या, वाईट नजरेने बघणं, त्याच्याशी नातं आहे. सेकंडहँड गाडी वाजवीपेक्षा स्वस्त मिळतेय तर लीअरी, कारण यात काहीतरी काळंबेरं असणार. बिबट्याला लीअरी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, त्यासाठी मनात तर्ककुतर्क लागतात. आणि ‘चेअरी’ नावाचा अजून एक आहे, बोलण्यात फारसा नाही, लिखाणात भेटतो, तो म्हणजे हात आखडता घेणारा. चेअरी ऑफ प्रेज म्हणजे कौतुक करताना हातचं राखून करणारा. आमचे गणिताचे मास्तर! पेपरात पैकीच्या पैकी मिळाले तरी ‘बरं आहे’.

शब्दवेडा_नाशिक

थोडं खोदकाम माझ्याकडून. वेअरीचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘वॅर’मध्ये, म्हणजे लक्ष असलेला, भान असलेला. त्याचीच भावंडं अवेअर आणि बीवेअर. बीवेअर म्हणजे मुळात ‘बी वेअर’, भानावर राहा, म्हणूनच त्याचा भूतकाळ कोणी करत नाही, काल मी कुत्र्यापासून ‘बीवेअर्ड’ असं म्हणून बघा कसं वाटतं. वॉर्ड, वॉर्डन पण त्याच कुळातले, आणि हाच जर्मानिक शब्द फ्रेंचमधून फिरून आला तेव्हा ‘व’चा ‘ग’ होऊन गार्ड, गार्डियन झाला. हॉस्टेलचा वॉर्डन आणि गेटवरचा गार्ड सख्खे चुलत.

आपल्याकडचा ‘खबरदार’ बघा, फारसीतून आला, ज्याच्याकडे खबर आहे तो खबरदार. अगदी अवेअर-बीवेअरसारखीच जोडी. पण मराठीत त्याची पार दमदाटी झाली, ‘खबरदार जर पुढे पाऊल टाकलंस तर’. ‘खबरदारी’ मात्र सरकारी पत्रकात सुखाने नांदतेय. ‘सावधान’चं तर विचारूच नका, एनसीसीत विश्राम-सावधान, घाटात ‘सावधान, पुढे तीव्र वळण’, आणि मंगलाष्टकात ‘सावधान’ ऐकून रामदासस्वामी बोहल्यावरून निघून गेल्याची आख्यायिका तर सगळ्यांना पाठ. शब्द खरं तर लक्ष देण्याचा, अवधान ठेवण्याचा, समोरच्यावर अविश्वास त्यात नाही. म्हणून ‘माणसांपासून सावध’ म्हटलं की अर्थ पोचतो पण वेअरीतली ती नजर येत नाही, असं मला वाटतं.

(अवांतर: हॅम्लेटमध्ये लेअर्टीस बहिणीला, ओफेलियाला, राजपुत्राच्या प्रेमाबद्दल जे लांबलचक लेक्चर देतो त्यात वेअरी पण आहे आणि चेअरी पण, एकाच भाषणात. भाऊ तिकडेही तसेच.)

कऱ्हाकाठ

एवढं सगळं झालं आणि सोपा रस्ता कोणीच सांगितला नाही. सरळ शब्द सापडत नसेल तर उलटा धरा. ‘अनवेअरी’ला मराठीत काय? बेसावध, आणि त्याहून झकास ‘गाफील’. अनवेअरी माणसासाठी लावलेला सापळा म्हणजे गाफील माणसासाठी लावलेला. मग वेअरीचं झालं ‘गाफील नसतो’. ‘बिबट्या माणसासमोर कधी गाफील राहत नाही.’ शाळेतल्या पोरांना गाफील कळतो, इतिहासाच्या पुस्तकात दर दुसऱ्या लढाईत कोणीतरी गाफील असतोच.

टपरीवरचा_चहा

@कऱ्हाकाठ कडक! पण ‘गाफील नसतो’मध्ये तो माणसाला टाळतो हे येतं का? गाफील नसलेला सरदार उलट चाल करून पण जातो की. पोरांना वाटायचं बिबट्या तयारीत बसलाय. पत्रिकेचा हेतू भीती कमी करायचा असेल तर उलटं व्हायचं.

कऱ्हाकाठ

हां, हे बरोबर आहे. मग दोन्ही जोडा. मराठीत एका इंग्रजी विशेषणाला अख्खं वाक्य दिलं तर कोणी दंड करत नाही.

पानावरची_रेघ

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आता असं केलंय, बघा: ‘बिबट्या माणसाला बिचकून असतो. माणसाची चाहूल लागली की शक्यतो तो आधीच वाट बदलतो. पण तो कधी गाफील नसतो, म्हणून त्याच्या मागे जाऊ नका, त्याला कोंडीत पकडू नका.’ एका शब्दाची तीन वाक्यं झाली, डिझायनर ओरडणार आहे, जागा नाहीये म्हणून.

आणि गावकऱ्यांच्या वाक्याला ‘बिचकून’ही नको आणि ‘साशंक’ही नको असं ठरलं. ‘बाहेरून आलेल्या संस्थांवर गावकरी पटकन विश्वास टाकत नाहीत, आधी पारखून घेतात.’ इथे शब्द शोधण्यात अर्थच नव्हता, सरळ सांगितलं की झालं.

ओतूरकडचा

पहिलं झकास. ‘चाहूल’ आमच्या पोरांना लगेच कळंल. दुसऱ्यात ‘पटकन’ काढा, ‘सहजासहजी’ करा. आन ‘त्याच्या मागे जाऊ नका’च्या शेजारी मोबाईलवर शूटिंग काढायला जाऊ नका हे पण टाका, हल्ली तोडणीत बछडं सापडलं की पंधरा जण मोबाईल घेऊन उभे राहतात आन मादी तिथंच कुठंतरी उसात असती. त्या टायमाला ती बिचकत बिचकत नाय.

पानावरची_रेघ

‘सहजासहजी’ केलं. शूटिंगचं चौकटीत टाकतेय, ठळक अक्षरात. डिझायनरला सांगितलंय फोटो छोटा कर.